मण्यारीचा दंश: प्रतिविष दिले, तरी डोळे का उघडत नाहीत?

प्रश्न असा आहे: पाद्र्याजवळ शेतावरच्या खोलीत जमिनीवर झोपलेल्या १९ वर्षांच्या भाच्याला रात्री काळोतरो चावला. पहाटे पोट दुखले, उलट्या झाल्या, बडोद्याला आणेपर्यंत पापण्या मिटल्या आणि आवाज घोगरा झाला. प्रतिविषाच्या, म्हणजे एएसव्हीच्या, २० व्हायल झाल्या. आज तिसरा दिवस. मुलगा व्हेंटिलेटरवर आहे, डोळे उघडत नाहीत. सापाच्या विषात पेशींचे आवरण खाणारे एन्झाइम असते असे कुणीतरी सांगितले. ते अजून खातच आहे का, आणि डॉक्टरांना आणखी व्हायल द्यायला सांगावे का?

आधी थेट उत्तर. नाही, आणखी व्हायल मागू नका. काळोतरो म्हणजे आपली मण्यार, हिंदीतला करैत. तिच्या दंशात तिसऱ्या दिवशी डोळे बंद असणे म्हणजे औषध कमी पडले असे नव्हे. या विषाला जे मोडायचे असते ते पहिल्या काही तासांत मोडून होते. प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष पकडते, मोडलेले सांधत नाही. सांधायचे काम शरीरच करते आणि त्याला दिवस लागतात. तोवर श्वास मशीनने चालू ठेवायचा. वरवर पाहता काहीच चाललेले नाही असे वाटते, पण मण्यारीच्या रुग्णाला वाचवणारा उपचार हाच आहे.

असे का होते ते त्या एन्झाइमच्या कामात आहे, म्हणून ते जरा नीट सांगतो.

त्याचे नाव फॉस्फोलायपेज ए-२. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंच्या दोन थरांचे असते. प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढ असलेले एक डोके आणि पाणी टाळणारे दोन लांब पाय. लग्नघरी रात्री हॉलमध्ये दोन रांगांत गाद्या टाकून पाहुणे पायाला पाय लावून झोपतात, तशी ही रचना: डोकी बाहेर, पाय आत. हे एन्झाइम त्या दोन पायांपैकी ठरावीक एकच कापते, ग्लिसरॉलच्या मधल्या, दुसऱ्या कार्बनला जोडलेला. नावातला २ तिथलाच. कापल्यावर दोन तुकडे होतात. एक सुटे मेदाम्ल, अनेकदा ॲराकिडोनिक आम्ल, ज्यापासून पुढे सूज आणि वेदना घडवणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होतात. दुसरा तुकडा म्हणजे एका पायावर उरलेला रेणू, लायसोफॉस्फोलिपिड. तो रांगेत नीट बसत नाही, साबणासारखा वागतो आणि शेजारच्या आवरणालाही भोके पाडतो.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसते. धुतलेल्या तांबड्या पेशी, अंड्याच्या पिवळ्या बलकाचे पातळ द्रावण आणि थोडे कॅल्शियम क्लोराइड अगारोज नावाच्या कोमट जेलीत मिसळून काचेच्या बशीत थर जमवतात, त्यात ३ मिलिमीटरची भोके पाडून विषाचे थेंब सोडतात आणि बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी लाल थरात भोकांभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळे उठलेली असतात. बलक वगळला तर बऱ्याच विषांची वर्तुळे जेमतेम उठतात, कारण एन्झाइमला तांबड्या पेशींचे धड आवरण सहज कापता येत नाही. ते आधी बलकातले लेसिथिन, म्हणजे तिथले फॉस्फोलिपिड, कापते आणि त्यातून निघालेला साबण पेशी फोडतो. कॅल्शियमऐवजी ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम बांधून टाकणारे रसायन, घातले तर वर्तुळ उठतच नाही, कारण या एन्झाइमला कॅल्शियमशिवाय काम करता येत नाही. साखळीतल्या ४९व्या जागेवरचे ॲस्पार्टिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवते आणि ४८व्या जागेवरचे हिस्टिडिन कापायचे काम करते. रेणू लहान आहे, सुमारे १४ किलोडाल्टनचा, पण सहा-सात गंधकी टाके घालून असा घट्ट शिवलेला की आम्लात काही मिनिटे उकळूनही तग धरतो. त्यामुळे दंशाच्या जागी चटका देऊन विष ‘जाळण्या’त काही अर्थ नाही. मांस मात्र जळते.

याच कुटुंबातली एन्झाइमे आपल्या शरीरातही आहेत. स्वादुपिंड असेच एक एन्झाइम पाठवते आणि जेवणातले लेसिथिन पचवते. ते कुलूप लावलेल्या रूपात बाहेर पडते आणि आतड्यात ट्रिप्सिन नावाचे दुसरे पाचक एन्झाइम ते कुलूप उघडते. हे कुलूप स्वादुपिंडातच उघडले तर तीव्र पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाच्या दाहात, ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. मधमाशीच्या विषातही हे भरपूर असते. सापाने नवीन हत्यार घडवले नाही, पचनाच्या घराण्यातलेच एक उचलून त्याला पत्ता शोधायला शिकवले.

मण्यारीचे विष वेगळे ठरते ते या पत्त्यामुळे. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये बंगारोटॉक्सिन वेगळे केले. त्यातला बीटा प्रकार दोन साखळ्यांचा आहे: एक साखळी फॉस्फोलायपेज ए-२ आणि तिला जोडलेली दुसरी छोटी साखळी, जी मज्जातंतूच्या टोकावरच्या पोटॅशियम वाहिनीला जाऊन चिकटते. आपल्याकडच्या मण्यारीच्या विषातही याच धाटणीची विषे आहेत. म्हणजे हे एन्झाइम वाट्टेल तिथे कापत सुटत नाही. मज्जातंतू जिथे स्नायूला हुकूम देतो नेमके त्या टोकाशी जाऊन ते बसते आणि तिथले आवरण कापते. टोकात कॅल्शियमचा लोंढा शिरतो, हुकूम वाहून नेणाऱ्या ॲसिटिलकोलीनच्या पिशव्या रिकाम्या होतात, आतली मायटोकाँड्रिया फुगून फुटतात आणि शेवटी टोकच नाहीसे होते. उंदरांवरच्या प्रयोगांत एका दिवसात बहुतेक टोके गेलेली दिसतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून नवी टोके जुन्या वाटेने परत येऊ लागतात आणि आठवड्याभरात स्नायूंची जोडणी बऱ्याच अंशी पूर्ण होते. तुमच्या भाच्याच्या पापण्यांचे वेळापत्रक याच जैविक वेगावर चालले आहे. माणसांतही मण्यारीच्या रुग्णाला साधारण दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत, कधी त्याहून जास्त काळ व्हेंटिलेटर लागतो.

नागाशी तुलना करा म्हणजे फरक स्पष्ट होईल. नागाच्या विषात फॉस्फोलायपेज असतेच, पण लकवा आणणारे मुख्य विष स्नायूच्या बाजूची कडी अडवून धरते, टोक मोडत नाही. त्यामुळे निओस्टिग्मिनने ॲसिटिलकोलीन वाढवले की ते गर्दी करून विषाला बाजूला सारते आणि पापण्या अर्ध्या तासात उचलल्या जाऊ शकतात. प्रौढाला ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून देऊन मग निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत देतात आणि दर दहा मिनिटांनी पापणीची फट मोजतात. तासाभरात फरक नसेल तर ते पुढे रेटायचे नसते. मण्यारीच्या दंशात वाढवायला ॲसिटिलकोलीनच उरलेले नसते. नागाच्या रुग्णाला इंजेक्शनने तासात बरे वाटले आणि आमच्या मुलाला नाही, म्हणून इथले डॉक्टर कमी पडले, हा निष्कर्ष वॉर्डाबाहेर नेहमी निघतो आणि तो चुकीचा आहे.

आता व्हायलचा हिशेब. आपल्याकडचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. १ मिलिलीटर प्रतिविष नागाचे किंवा घोणसचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करेल, असे प्रमाण ठरलेले आहे. एक व्हायल १० मिलिलीटरची, म्हणजे मण्यारीचे ४.५ मिलिग्रॅम. २० व्हायलमध्ये ९० मिलिग्रॅमची सोय झाली. एवढे विष एक मण्यार एका दंशात सोडत नाही. म्हणून लकव्याच्या दंशात पहिल्या १० व्हायल, तासाभरात बिघाड चालू राहिला तर आणखी १०, आणि तिथे थांबणे, ही पद्धत आहे. एकविसावी व्हायल पकडणार काय? जे विष टोकात शिरले, तिथे प्रतिविषाचा मोठा रेणू पोहोचतच नाही. उलट घोड्याच्या प्रथिनाचा बोजा वाढतो. कुणाला १०च व्हायल दिल्या आणि मशीनवर ठेवले, म्हणजे उपचारात कंजुषी केली, असेही समजू नका.

तुम्ही जी शक्ती व्हायलच्या मागे लावत आहात ती पुढच्या गोष्टींकडे वळवा.

मुलगा झोपलेला नाही, तो जागा असू शकतो. मण्यारीचा लकवा स्नायूंचा असतो, मेंदूचा नसतो. पापण्या, डोळे, जीभ, हातपाय काही हलत नाही, पण ऐकू सगळे येते आणि टोचलेले कळते. बाहुल्याही मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या असू शकतात, कारण बाहुली लहान करणाऱ्या मज्जातंतूंची टोकेही त्याच विषाला बळी पडतात. हे चित्र हुबेहूब मेंदू मृत झाल्यासारखे दिसते. सर्पदंशाचा लकवा उतरेपर्यंत मेंदूमृत्यूच्या चाचण्या ग्राह्य धरायच्या नसतात, आणि ‘आता काही राहिले नाही’ हे वाक्य त्या पलंगाशेजारी कुणी बोलायचे नसते. त्याच्याशी बोला, दिवस कोणता ते सांगा, पायाचा अंगठा हलवायला सांगा आणि मिनिटभर नीट पाहा. कपाळाची किंवा बोटाची एवढीशी थरथर मिळाली तर ‘हो’साठी एक आणि ‘नाही’साठी दोन, असा इशारा ठरवता येतो. मशीनवर शांत राहण्यासाठी औषध हवे का, हे नर्सला त्यावरून कळते.

पापण्या अर्धवट उघड्या राहत असतील तर बुबुळ सुकून जखम होते. दर काही तासांनी डोळ्यात मलम आणि पापणीवर चिकटपट्टी लागते. कूस बदलणे, घशातला स्राव ओढून काढणे, डोक्याकडची बाजू ३० अंश उंच ठेवणे हेही तेवढेच महत्त्वाचे. या टप्प्यावर विषापेक्षा न्यूमोनिया आणि श्वासासाठी घशात घातलेली नळी अडकणे जास्त घात करतात.

सुधारणा फक्त पापणीवर मोजू नका. पापणी सगळ्यात आधी पडणाऱ्यांपैकी आहे, पण बोटे, खांदे, मान यांची ताकद तिच्या आधी परतू शकते. नळी काढण्यापूर्वी डॉक्टर मान उशीवरून पाच सेकंद उचलून धरता येते का ते पाहतात. नळी निघाल्यावर एका श्वासात १ पासून मोजायला लावा. निरोगी प्रौढ सहज २०च्या पुढे जातो. आकडा तासागणिक घसरत असेल तर लगेच सांगा.

बडोद्याच्या आसपास, डभोई-वाघोडियाच्या शेतांत, मण्यारीइतकीच गाठ घोणसशी पडते, गुजरातीत खडचितळो. तिच्यात हेच एन्झाइम दुसऱ्या वाटेने काम करते, आणि तिथे व्हायलचा नियमही वेगळा आहे, म्हणून दोन्हींची गल्लत करू नये. घोणसच्या विषात रक्त गोठवणाऱ्या घटकांना भडकवून संपवणारी दुसरी एन्झाइमे प्रमुख आहेत. ती घटक दहा आणि पाच यांना कापतात. फॉस्फोलायपेज ए-२ त्यात भर घालते. गोठण्याचे घटक फॉस्फोलिपिडच्या पृष्ठभागावर कॅल्शियमच्या आधाराने एकत्र बसतात, आणि बसायची ती जागाच हे कापते. शिवाय ते स्नायू आणि तांबड्या पेशी फोडते आणि त्यातून निघालेले रंगद्रव्य मूत्रपिंड बंद पाडते.

घोणस ओळखण्याची सर्वात उपयोगी तपासणी स्वस्तात होते, आणि तीच सर्वात जास्त बिघडवली जाते. नवी, कोरडी काचेची नळी, त्यात शिरेतून काढलेले २ मिलिलीटर रक्त, नळी सरळ उभी, २० मिनिटे हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिले तर गोठणे बिघडले आहे. नळी प्लास्टिकची असेल तर निरोगी माणसाचेही रक्त तेवढ्या वेळात गोठणार नाही असे होऊ शकते, कारण गोठणे सुरू करायला काचेचा पृष्ठभाग लागतो. नळी साबणाने धुतलेली असेल तरीही तेच. मध्येच कुणी हलवून पाहिले तर उत्तर खोटे येते. वेळ घड्याळात लिहून ठेवायची, अंदाजाने नाही. पहिल्यांदा रक्त गोठले तरी पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर दर तासाने पुन्हा पाहायचे. रक्त वाहिले आणि प्रतिविष दिले, तर पुढची तपासणी ६ तासांनी, त्याआधी नाही, कारण विष पकडले गेल्यावरही यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. दोन तासांनी पाहून ‘अजून गोठत नाही’ म्हणून व्हायल ओतणे ही नेहमीची चूक आहे. सहाव्या तासालाही गोठत नसेल तरच पुढचा डोस.

घोणसच्या रुग्णाची लघवी मोजणे अटळ आहे. प्रौढात ताशी दर किलो वजनामागे ०.५ मिलिलीटरपेक्षा कमी झाली की धोका. लघवी गडद, कोकमाच्या पाण्यासारखी झाली तर ती यंत्रात फिरवून पाहतात. लाल गाळ खाली बसून वरचा भाग स्वच्छ झाला तर रक्तस्राव. वरचा भाग लालच राहिला आणि सोबत रक्तद्रवही गुलाबी असेल तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. रक्तद्रव स्वच्छ असेल तर स्नायू फुटले आहेत, आणि तेव्हा पोटॅशियम आणि ईसीजी वारंवार पाहावेच लागतात. फुटलेल्या स्नायूतून सुटलेले पोटॅशियम मूत्रपिंड बंद असताना हृदय थांबवू शकते.

या एन्झाइमलाच अडवणारे औषध नाही का, हा प्रश्न रास्त आहे. व्हॅरेस्प्लॅडिब नावाचे औषध आहे. ते मुळात शरीरातल्या फॉस्फोलायपेजसाठी बनवले होते आणि हृदयविकारावरच्या त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. नंतर अनेक सापांच्या विषातले हे एन्झाइम ते अडवते असे दिसले आणि भारतात व अमेरिकेत सर्पदंशाच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. गोळीच्या रूपात, दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी देता येईल ही त्याची खरी ओढ. पण ते आज दुकानात मिळणारे औषध नाही, आणि तुमच्या भाच्याच्या टप्प्यावर तेही मोडलेले टोक सांधणार नाही.

शेतावर उरलेल्या घरच्यांसाठी आता दोन गोष्टी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण जेमतेम दिसते, सूज-वेदना जवळजवळ नसते. पहाटे निरोगी माणसाला अचानक पोटदुखी, उलटी आणि पापण्या जड, एवढे दिसले तरी पावसाळ्यात मण्यार समजून १०८ला फोन करा. दंशाची खूण शोधत किंवा भुव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, वेळ घालवू नका. अंगठ्या, कडी काढा, हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून हात-पाय स्थिर ठेवा, चालू देऊ नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे नको. कुणी आधीच दोरी बांधली असेल तर घरी कापू नका. दवाखान्यात शिरेत सुई लावून आणि प्रतिविष तयार ठेवून मग ती सोडतात. आणि खाट नसेल तर निदान मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून झोपा.

भाचा घरी आल्यावर पाच ते चौदा दिवसांत ताप, सांधे दुखणे, अंगावर पित्त उठणे असे झाले तर तो विषाचा परतावा नसतो. घोड्याच्या प्रथिनाला शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते, सीरम सिकनेस. तेव्हा प्रतिविषाच्या बॅचचा नंबर आणि किती व्हायल दिल्या ते लिहिलेले डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा. काही दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ते बहुधा शमते.